जुना गोठा दोन दिवस उघडा

छबे, चंद्रीचे पुढचे दोनच पाय झाले होते.

सांजंला आपण गोठ्याच्या दारात बसलो होतो. चंद्रीचं मानगूट माझ्या गुडघ्यात, तुझ्या हातात खुरं कापायची कातर, आणि उलट्या घमेल्याला टेकवून ठेवलेला तुझा मोबाईल. परंड्याकडच्या एका बाईनं विचारलं होतं, शेळी लंगडते, खुरं वाढलीत, काय करू. तू कापत कापत मोबाईलला सांगत होतीस. "बाई, खूर आधी धुवून घ्या. माती निघाली की कळतंय कुठं कापायचं ते. पांढरं दिसतंय तवर कापा. गुलाबी दिसलं की हात आवरा, त्याच्या पुढं रगत हाय." चंद्रीनं एक हिसका दिला तर मोबाईलसमोरच मला म्हणालीस, "धरा की नीट, नवरदेवासारखं काय बसलाव!" आता ते सगळ्या मुलखानं ऐकलंय.

पुढचे दोन झाले आणि मोबाईल मान टाकून बंद पडला. म्या म्हणलं, मरू दे मोबाईल, मागचे पाय उरकून घेऊ. तर म्हणालीस, "न सांगता कापले तर त्या बाईला काय ऐकवू? मागचे उद्या. आणि तुम्ही एकट्यानं हात लावू नका. रगत काढता."

जेवायच्या आधी चार्जिंग झालं तसं तेवढं अर्धंच तू इंटरनेटवर चढवायला शफीभाईला धाडून दिलंस. उद्या म्हणालीस आणि पहाटं उठलीच न्हाईस.

माझं शिक्षण चौथी. असलं लिहायची मला सवय न्हाय. शफीभाई म्हणाला, चाचा, चाचीच्या इंटरनेटवरच्या पानावर तिच्याबद्दल चार ओळी लिहून द्या. मी चार ओळीचा माणूस न्हाय आणि तुझं गुणगान तर मुळीच करणार न्हाय. ते तेराव्याला लोकांनी केलं. तुझ्या हयातीत ज्यांनी तुला "शेळ्यामागची येडी" म्हणलं, तेच भजी खात तुझं कौतुक करत होते. मला तुझ्याशी भांडायचं हाय. भांडण अर्धं टाकून जायचं नसतं, येवढं तुला कळायला पायजे होतं.

तेराव्याला तुझं अंथरूण दिलं, लुगडी दिली, वहाणा दिल्या. तुझ्या भावानं मोबाईलला हात घातला. म्हणाला, "दाजी, ह्यातलं शीम मोडून टाका. आणि ते इंटरनेटवरचं नावबी काढा. मेलेल्या माणसाचं नाव असं टांगून ठेवू नये, जीव अडकतो."

म्या म्हणलं, "अडकू दे."

"आँ?"

"अडकू दे म्हणलं. मला कुठं जाऊ द्यायचंय?"

तुझ्या भावजयीनं तोंडाला पदर लावला. मी मोबाईल घेतला आणि कोनाड्यात चार्जिंगला लावला. तवापासनं रोज लावतो. कुणाचा फोन येत न्हाय, तरी लावतो.

चंद्रीच्या मागच्या खुरांना पण कुणाला हात लावू दिला न्हाय. सवा महिना झाला. पुढनं बघितलं तर शेळी राजाची, मागनं बघितलं तर म्हातारी. लोक म्हणायचे, "कापा की आता." मी म्हणायचो, "उद्या." उद्याचं तूच सांगून गेलीस, मी काय करू?

मंग एक दिवस शफीभाईचा फोन आला. वाचणाऱ्यांनी त्याला वळखावं म्हणून सांगतो. येरमाळ्याच्या रस्त्यावर त्याचं फॉर्म भरायचं आणि झेरॉक्सचं दुकान हाय. पन्नाशीचा माणूस. त्याच्या आईची शेळी अडली होती तवा तू कोपरापर्यंत हात घालून दोन करडं जिवंत काढलीस. त्याचे पैसे तू घेतले न्हाईस, म्हणून त्यानं तुला इंटरनेटवर एक पान करून दिलं. "छबूबाईच्या शेळ्या." बाया मोबाईलवर लिहून विचारायच्या, मी अडखळत वाचून दाखवायचो, तू सांगायचीस, शफीभाई तुझा आवाज पानावर चढवायचा. तुला वाचता येत न्हवतं आणि मला शेळीतलं कळत न्हवतं. दोघं मिळून एक शहाणं माणूस होत होतं. पयल्या दिवशी तू त्याला येवढंच विचारलंस, "हे जागेवर ऱ्हाईल का रे?" तो म्हणाला, "हौ चाची, ऱ्हाईल."

तर फोनवर शफीभाई म्हणाला, "चाचा, बुरी खबर हाय. चाचीचा आवाज ज्या कंपनीच्या मशिनीत ठेवलाय, ती कंपनी आपला धंदा गुंडाळतेय. महिनाअखेरीला सगळं पुसणार."

छबे, तुझा मोबाईल भरला की तू जुनं सगळं पुसून टाकायचीस. "पानावर हाय की," म्हणायचीस. म्हणजे तुझा आवाज दुनियेत त्या एका जागी होता, दुसरीकडं कुठंच न्हाय.

पुण्याला दत्ताला फोन लावला. आपला लेक, त्याला ह्यातलं कळतं. तो म्हणाला, "आण्णा, आवाज उतरवून तुमच्या मोबाईलमध्ये भरून देतो. तुम्ही ऐका. बाकी पान आता बंद करू. आई गेली, उत्तरं कोण देणार?"

म्या म्हणलं, "दिलेली उत्तरं काय मेली का?"

"तसं न्हाय आण्णा. पण चालवायचं कुणी? का जिवाला त्रास करून घेता?"

"परंड्याच्या बाईनं गोठ्याच्या दारावर खडूनं तुझ्या आईच्या पानाचं नाव लिहून ठेवलंय. माकणीच्या बायांनी भिंतीवर लिहिलंय. त्या नावावर गेलं की तुझ्या आईचा आवाज निघतो. उद्या न्हाय निघाला तर त्या बायांनी कुठं जायचं? माझ्या खिशात?"

तो म्हणाला, "बरं. मग निदान आईच्या नावाआधी कैलासवासी तरी लावा. फोटोला हार घाला. मी करून पाठवतो."

"हार घालशील तर बघ," म्हणलं. "त्या फोटोत तिच्या हातात करडू हाय. करडू हार खातंय."

लेकरू हसलं, आणि हसता हसता रडाय लागलं. मी फोन ठेवला. मला न्हाय जमत असलं.

त्याच आठवड्यात एका ठेकेदाराचा फोन. मोठ्या शहरात शेळ्या-बोकडं पुरवतो म्हणे. तुझं नाव त्याला इकत पायजे होतं. "आजोबा, नाव लई चाललेलं हाय. बाईंचा फोटोबी तसाच ठेवू. खाली फक्त आमच्या शेळ्या."

म्या विचारलं, "तुमच्या शेळ्यांचे दात तिनं बघितलेत का?"

"न्हाई, पण..."

"मग तिचं नाव कशाला लावता? स्वतःच्या आईचं लावा."

तो किंमत सांगत होता. मी आकडा ऐकलाच न्हाय, कारण तवर फोन ठेवून दिला होता. तू असतीस तर म्हणाली असतीस, तोंड जरा आवरा. आता कोण म्हणणार? मी आता बोलतो मोकळा.

दुसऱ्या दिवशी तुझा मोबाईल खिशात घालून एस्टीनं येरमाळ्याला गेलो. शफीभाईनं स्टूल दिलं, चहा सांगितला आणि समजावलं. ते जसं मला कळलं तसं लिहितो. नाव एका कंपनीकडं नोंदवलेलं, आवाज दुसऱ्या कंपनीच्या मशिनीत. नाव हे नुसतं बोट हाय. लोक नाव टाकतात, नाव बोट दाखवतं, की जा त्या मशिनीत. मशीन बदलायचं आणि बोट नव्या मशिनीकडं वळवायचं, बास. परंड्याच्या बाईनं दारावरचा खडू पुसायची गरज न्हाय.

आधी त्यानं तुझं सगळं सामान नव्या मशिनीत नेलं. एक एक आवाज. जुलाब, जंत, पोटफुगी, करडाला पयलं दूध कसं पाजायचं. दुकानात फॉर्म भरायला आलेली माणसं थांबून ऐकत होती. एका ठिकाणी तो थांबला आणि माझ्याकडं बघून मिशीत हसला.

"चाचा, हे गोठ्याचं ठेवायचं का काढायचं? आता तुमच्या हातात हाय."

मला ठाऊक होतं कोणतं ते.

छबे, हे भांडण मी आता सगळ्यांसमोर सांगतो. वढ्याच्या पलीकडं नवा गोठा बांधला त्याला वीस वर्सं झाली असतील. तू म्हणालीस, "जुना दोन दिवस मोडू नका. शेळीला नवी जागा एका दिवसात कळत न्हाय. काही नव्याला जातील, काही सवयीनं जुन्याला येतील. दोन्हीकडं चारा टाका, दोन्हीकडं दार उघडं ठेवा. आपसूक सगळ्या नव्याला लागतील." म्या म्हणलं, मला जुन्याच्या मेढी, खांब नव्याला लावायच्यात, शेळी काय ठरवणार का! तू माळावर गेलीस तेवढ्यात जुना गोठा आडवा केला. सांजंला निम्म्या शेळ्या जुन्या जागेवर गेल्या. गाभण कबरीचा पाय दगडात अडकला, ती आदळली, आणि दोन करडं पोटातच गेली.

तू शिव्या दिल्या न्हाईस. येवढंच म्हणालीस, "दोन दिवस थांबला असताव तर."

म्या म्हणलं, नशीब. दगड. पाऊस येणार होता. सगळं म्हणलं, एक सोडून. तू त्या एका वाक्याची वाट बघत ऱ्हायलीस, मला दिसत होतं. भाकरी वाढताना थांबायचीस. मी ताटाकडं बघायचो.

मग पान निघालं तसा तू सूड घेतलास. माकणीच्या बाईनं विचारलं, गोठा बदलायचाय, काय काळजी घेऊ? तू सगळं नीट सांगितलंस आणि शेवटाला म्हणालीस, "आणि बाई, घाई करणारा माणूस गोठ्यापासनं लांब ठेवा. त्याला दोन दिवस पावण्याकडं धाडा." साऱ्या तालुक्याला कळलं कोण ते. चहाच्या हाटेलात लोक मला विचारायचे, "काय, पावण्याकडं गेला न्हाईत?" मी कितीदा म्हणलं ते काढ. तू कधी काढू दिलं न्हाईस.

आणि आता शफीभाई विचारत होता, काढू का.

म्या म्हणलं, "पयलं तेच ने."

सगळं नेऊन झालं. आता नावाचं बोट वळवायचं. त्यानं नाव ठेवणाऱ्या कंपनीचं पान उघडलं. दोन ओळी बदलायच्या, जुन्या मशिनीचा पत्ता काढून नव्याचा टाकायचा. बदलल्या, आणि कंपनीनं विचारलं, मालक तुम्हीच का? मालकाच्या मोबाईलवर सहा आकडे धाडलेत.

माझ्या खिशात तुझा मोबाईल वाजला.

सवा महिन्यानं वाजला, छबे. तेराव्याला तुझ्या भावाचं ऐकलं असतं तर ते सहा आकडे मोडक्या शीमवर येऊन परत गेले असते. म्या मोबाईल धरला पण आकडे वाचता येईनात. डोळ्यात पाणी असलं म्हणजे तीन आणि आठ सारखेच दिसतात. शफीभाईनं हळूच मोबाईल घेतला आणि वाचले. म्हणाला, "चाचीनं हो म्हणलं, चाचा."

नव्या पानावर मी वर एकच ओळ लिहून दिली होती. "छबूबाई गेल्या. त्यांनी सांगितलेलं हाय तसं हाय, ऐका." कैलासवासी न्हाय, हार न्हाय. शफीभाईच्या कॉम्प्युटरवर ती ओळ दिसाय लागली. मी उठलो. म्हणलं, "झालं. आता त्या जुन्याला आजच टाळं ठोक. पुसणारे आपलं पुसतील त्याच्या आधी आपणच हात धुवू."

"चाचा, जरा दम धरा. चाचीच्या मोबाईलवर बघा."

बघितलं. वर ओळ न्हाय. तुझं जुनंच पान.

"म्हंजी झालं न्हाय! मला बनवतो का?"

"झालंय. पण दुनियेतल्या सगळ्या मशिनीला एकाच टायमाला कळत न्हाय. जिला कळलं ती नव्याकडं धाडते, जिला न्हाय कळलं ती जुन्याकडं. एक दिवस, कधी दोन दिवस. आज जुनं बंद केलं तर निम्म्या बाया बंद दारापुढं उभ्या ऱ्हातील. दोन्ही उघडं ठेवायचं. आपसूक..."

"आपसूक सगळ्या नव्याला लागतील," म्या म्हणलं.

शफीभाई माझ्याकडं बघाय लागला. मी स्टुलावर परत बसलो. वीस वर्सं तू जे मला सांगत होतीस ते एका मशिनीनं सांगितलं तवा डोस्क्यात शिरलं. हसू नको.

"जुनं दोन दिवस उघडं ऱ्हाऊ दे," म्हणलं, आणि घरी आलो.

ते दोन दिवस कसे गेले ते तुला सांगतो. बाकीच्यांनी वाचलं तर वाचू दे. पयल्या दिवशी माकणीच्या बाईचा फोन आला, रडत होती. तिला नवी ओळ दिसली होती. घटकाभरानं परंड्याच्या बाईचा फोन. ती जुन्यावरच होती.

"आजोबा, आजी कुठं हायत? मागच्या पायाचं सांगणार होत्या. माझी शेळी पुढनं बरी झाली, मागनं अजून लंगडते."

माझ्या तोंडातनं निघालं, "माळावर गेलीय."

खोटं बोललो. तिच्याकडं तू अजून होतीस, मी कशाला मारू? दोन दिवस तू कुणाकडं गेलेली होतीस आणि कुणाकडं माळावर गेलेली. तुझ्या मोबाईलवर मी सारखं पान उघडून बघायचो. ओळ न्हाय. परत बघायचो. ओळ न्हाय. शेळ्यांना पाणी पाजलं, बघितलं, न्हाय. जुन्या गोठ्यावर जाऊन उभ्या ऱ्हाणाऱ्या शेळ्यांना म्या दगड मारले होते, छबे. त्या का जात होत्या ते मला ह्या वयात कळलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी उघडलं तर तुझ्या मोबाईलवर पण ओळ आली. छबूबाई गेल्या. माझ्याच हातानं लिहिलेलं. मी वाचलं, एकदा मनात आणि एकदा मोठ्यानं. मंग परंड्याच्या बाईला फोन केला आणि खरं सांगितलं. म्हणलं, मागच्या पायाचं उद्या सकाळी मिळंल.

सकाळी चंद्रीला खुंट्याला आखूड बांधली. धरायला कुणी न्हाय, म्हणून तिला कुडाला लावली आणि कमरेनं दाबली. मोबाईल उलट्या घमेल्यावर ठेवला. दोनदा पडला, मंग मागं दगड लावला.

"राम राम," म्हणलं. "मी छबूबाईचा नवरा. पुढचे पाय तिनं सांगितले, मागचे मी सांगतो. मागचा पाय धरताना आपलं तोंड शेळीच्या शेपटीकडं करा. पाय मागं वढा, वर न्हाय. वर वढला की ती लाथ मारती. खूर धुवा. पांढरं हाय तवर कापा."

एक पाय निघाला झकास. दुसऱ्याला शेवटाला कातर जरा पुढं गेली. गुलाबी दिसलं आणि माझा हात आवरला न्हाय. बारीक रगत आलं. चंद्री ओरडली. म्या हळद दाबली, अंगठ्यानं धरून ठेवलं, रगत थांबलं.

"हे बघा," मोबाईलला म्हणलं, "इथं माझं चुकलं. ती म्हणत होती मी रगत काढतो, काढलं. तुम्ही आधी थांबा."

मोबाईल चालूच होता. चंद्रीचा पाय माझ्या हातात होता, ऊन येत होतं, आणि तू भाकरी वाढताना थांबायचीस तसं सगळं थांबलं होतं.

"आणि गोठ्याचंबी माझंच चुकलं. दोन दिवस थांबायला पायजे होतं, छबे."

मंग पाय सोडला. चंद्री चार पावलं गेली, थांबली, पाचवं नीट टाकलं आणि बाकीच्या शेळ्यांमागं माळाला लागली.

ते सगळं शफीभाईला धाडलं. थोड्या येळानं त्याचा फोन आला. आवाज वल्ला होता. "चाचा, शेवटचं ते गोठ्याचं... ते घरातलं हाय. कापून टाकू का?"

"त्याला कातर लावायची न्हाय," म्हणलं. "जसं हाय तसं चढव. आणि शफीभाई, आता जुनं मोड."